पावरा मुलं दिवाळीनंतर परत येतच नाहीत, काय करावं?

बॉटनीवाली मॅडम

नाशिकच्या एका अनुदानित कॉलेजात शिकवते, अठरावं वर्ष. यंदा एफवाय बीएस्सीला नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडची अकरा पावरा आदिवासी मुलं आली. एसटीच्या 7 टक्के जागा एकदाच्या भरल्या म्हणून प्राचार्य खूश. दिवाळीची सुट्टी संपली आणि वर्गात उरली चार. गेल्या वर्षीही हेच झालं.

स्टाफरूमचं उत्तर ठरलेलं: "इंग्रजी झेपत नाही त्यांना." मला पटत नाही. त्यातला एक मुलगा खोडाचा आडवा छेद इतका पातळ घ्यायचा की मी त्याचीच स्लाइड बाकीच्यांना दाखवायचे. झाडाचं नाव विचारलं की पटकन पावरीतलं सांगायचा आणि वर्ग हसला की गप्प. जर्नल मात्र शेवटपर्यंत दिलं नाही. त्यावरून मी दोनदा बोललेही त्याला. आता तोही नाही. फोन बंद.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. "समुपदेशन कक्ष सुरू करा" म्हणू नका. आहे आमच्याकडे, कुलूप लावून.

रिटायर्ड हेडक्लार्क

मॅडम, आधी ऑफिसात जाऊन पावतीपुस्तक बघा. शिष्यवृत्तीपात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घ्यायचं नाही, असे शासनाचे आदेश आहेत. तरी "आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" हे आमच्या कॉलेजात सर्रास चालायचं. मीच घ्यायचो, खोटं कशाला बोलू. बाप कनवटीची सुरळी सोडून नोटा मोजायचा. परत न्यायला आलेला एकही बाप मला आठवत नाही.

स्पष्टच बोलतो

फी माफ, वसतिगृह फुकट, वर कोटा. एवढं करून टिकत नसतील तर दोष कुणाचा?

अक्राणीचा

मी पावरा, धडगावच्या वरच्या पाड्यातला. 2017 ला नाशिकलाच एफवायला होतो. आता एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे.

स्पष्ट दादा, वसतिगृह फुकट असतं, पण मिळतं कधी? कॉलेज जुलैत सुरू झालं, आमची यादी लागली सप्टेंबर संपताना. तोवर गावातल्या एकाच्या खोलीवर आम्ही सहा जण. मालकाला दोघेच सांगितले होते, म्हणून चपला आत घेऊन झोपायचो. रात्री केटरिंगला जायचो. लग्नाचा हॉल आवरून दोनला परत, सकाळी सातला केमिस्ट्री. ज्यांना वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी 2016 पासून स्वयं योजना आहे, पैसे थेट खात्यात. पण ते हप्त्याने, आणि हप्ता हजेरी बघून. पैसे नाहीत म्हणून कामाला जायचं, कामाला गेलं की हजेरी पडते, हजेरी पडली की हप्ता अडकतो. मॅडम, तुम्हाला मुलं दिवाळीनंतर गेलेली दिसतात. ती खरं तर ऑगस्टमध्येच सुटलेली असतात.

2018 ला वसतिगृहातली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकायचं काढलं. त्या जुलैत पुण्याहून नाशिककडे मुलं पायी निघाली, त्यात मीही होतो. पैसे हातात मिळतायत तर मोर्चा कशाला, असं लोक विचारायचे. अहो, खात्यात पैसे आले की घरून फोन येतो, बियाण्याला कमी पडतंय. आईला नाही कसं म्हणणार? जेवणाचं ताट घरी पाठवता येत नाही, पैसे पाठवता येतात.

दिवाळीचं म्हणाल तर आमच्याकडची माणसं तेव्हा गुजरातला ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक कोयता म्हणजे दोन माणसं. बाप आजारी असला तर त्याच्या जागी सुट्टीवर आलेला मुलगाच जातो. फोन बंद त्यामुळेच असेल.

आणि जर्नलचं. माझ्या वेळी जर्नल, एप्रन, डिसेक्शन बॉक्स, रंगीत पेन्सिली धरून आठशेच्या वर गेले होते. मीही पहिल्या सत्रात दिलं नव्हतं. मॅडमना वाटलं आळशी आहे.

बॉटनीवाली मॅडम

काल पावतीपुस्तक बघितलं. अकराच्या अकरा जणांकडून घेतलेत. प्राचार्यांशी बोलले, "बघू" म्हणाले. जर्नल आणि एप्रनचं डिपार्टमेंटमध्येच जमवतो आहोत. गेल्या वर्षीच्या मुलांचे एप्रन धुऊन आणले, सात झाले. जुलैतल्या राहण्याचं कसं करायचं ते अजून सुचत नाहीये.

अक्राणीचा, त्या मुलाला परत आणायला कुणाला गाठू? आणि दुसऱ्या सत्राची प्रॅक्टिकल मार्चमध्ये लावली आहेत, चालेल ना?

अक्राणीचा

मार्चमध्ये होळीचा आठवडा सोडा. आमच्यात नवस असला की पोरगा बुध्या होतो, म्हणजे अंगावर ठिपके काढून होळीला नाचतो. काही दिवस पाळणूक, म्हणजे व्रत असतं, तेव्हा तो येणारच नाही. मी एकदा होळीहून थेट परीक्षेला आलो होतो, मानेवर पांढरे ठिपके तसेच. सुपरवायझरने त्वचारोग आहे का विचारलं.

मुलाच्या गावाचं नाव मला मेसेज करा, पाडाही लिहा, नुसत्या गावावरून सापडत नाही. तोडीला गेला असेल तर मुकादमाचा नंबर काढतो. तुम्ही फोन लावाल तर संध्याकाळी सातनंतर लावा, दिवसभर फडात असतो. "जर्नल का दिलं नाहीस" हे आधी विचारू नका. त्या छेदाचं बोला.