तिकीट लावून फाशी?

फाशी टीव्हीवर लाइव्ह दाखवा आणि जाहिरातींचा पैसा पीडितांच्या घरच्यांना द्या, ही आयडिया ऐकायला भारी वाटते हो, पण लंडनवाल्यांनी हे सगळं आधीच करून बघितलंय. न्यूगेट तुरुंगाच्या दारात फाशी असली की समोरच्या घरांच्या खिडक्या भाड्याने जायच्या, खाणंपिणं, दारू, आरडाओरडा, नुसती जत्रा, आणि १८०७ साली तर एवढी गर्दी लोटली की चेंगराचेंगरीत ३० च्या आसपास बघे मेले. फासावर किती होते? तीन!

१८४९ मध्ये इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने मॅनिंग या खुनी नवराबायकोची फाशी बघून लंडनच्या टाइम्स पेपरला संतापून पत्र लिहिलं, राग कशाचा तर खाली जमलेल्यांच्या हसण्याखिदळण्याचा (स्वतःही जागा भाड्याने घेऊनच बघायला गेला होता, असो). शेवटी १८६८ ला कायदा करून फाशी तुरुंगाच्या आत नेली.

आणि आपल्याकडे असं कुणी सुचवणार नाही असं समजू नका, १९८५ मध्ये राजस्थान हायकोर्टाने जयपूरला स्टेडियमवर नाहीतर रामलीला मैदानात जाहीर फाशी द्या म्हटलेलं, सुप्रीम कोर्टाने ते घटनेच्या कलम २१ च्या (जगण्याच्या हक्काच्या) विरोधात म्हणून थांबवलं.

पीडितांना पैसे मिळावेत हे शंभर टक्के मान्य, पण ते सरकारने द्यावेत ना. चॅनलच्या धंद्यावर ठेवलं तर सीझन दोनसाठी माणसं कुठून आणणार?