अमेरिकेत कामगार कायदा १९३८ पर्यंत का रखडला?

लालबागकर (प्रश्न): नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने ९ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. अमेरिकेत मात्र आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ पासून लाखो कामगार संपावर गेले, तरी देशभर टिकेल असा कायदा १९३८ मध्ये झाला. मालकांचा विरोध हे कारण मला अपुरे वाटते. तो इथेही होताच.

सातरस्ता: तिथे त्या विरोधाला न्यायालयाचे पाठबळ मिळाले. कामगार कायदे हा राज्यांचा विषय मानला जाई, आणि राज्याने केलेला कायदाही टिकेलच असे नव्हते. न्यूयॉर्कने बेकरीतील कामाला दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. १९०५ मध्ये लॉकनर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केली, कारण तिच्यामुळे मालक आणि मजूर यांच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते म्हणे. रात्रभर भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला हे स्वातंत्र्य कितपत परवडत असेल, कोण जाणे!

जुना वाचक, परळ: बालमजुरीचे उदाहरण याहून बोलके आहे. १४ वर्षांखालील मुले राबवणाऱ्या कारखान्यांचा माल राज्याबाहेर पाठवण्यास काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९१६ मध्ये बंदी केली. त्याविरुद्ध नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथील डॅगनहार्ट नावाचा एक बाप न्यायालयात गेला, कारण त्याची दोन मुले कापडगिरणीत कामाला होती. १९१८ मध्ये हा कायदाही ५ विरुद्ध ४ मतांनीच पडला. पुढे मुले राबवणाऱ्या कारखान्यांवर कर लावून पाहिला, तो १९२२ मध्ये रद्द झाला. बालमजुरीवर काँग्रेसला कायदा करू देणारी १९२४ ची घटनादुरुस्ती पुरेशा राज्यांनी मंजूरच केली नाही. शेजारच्या राज्यात मजुरी स्वस्त असताना आपल्याच गिरण्यांना वेसण कोण घालणार? मुंबईच्या गिरण्यांना कारखाना कायदा लागू व्हावा म्हणून इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांनी आग्रह धरला, त्यामागेही स्पर्धेचाच हिशेब होता.

लालबागकर: आभारी आहे. पण जिथे तास कमी झाले, तिथे कामगारांचे भागले का?

सातरस्ता: मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स या कापडगिरण्यांच्या शहरात नाही भागले. त्या राज्याने १९१२ च्या आरंभी स्त्रिया आणि मुलांचे आठवड्याचे तास ५६ वरून ५४ केले, आणि मालकांनी तेवढ्या दोन तासांची मजुरी कापली. पगाराच्या पाकिटात पैसे कमी निघताच पोलिश विणकर स्त्रियांनी माग थांबवले, आणि बघता बघता वीस हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले. दोन महिन्यांनी मजुरीत वाढ मिळाली. १९३८ च्या कायद्याने आठवड्याला ४४ तासांची मर्यादा, त्यापुढील कामाला दीडपट मजुरी आणि ताशी किमान २५ सेंट हे सारे एकत्रच आणले, आणि १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. शेतमजुरांना मात्र त्या मर्यादेतून आणि किमान मजुरीतून वगळलेले होते.