'मिसिंग रिंग': हरवलेलं वलय की लुप्त?

अनुवादिनी:
वृक्षवलयांवरच्या एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद करते आहे. 'मिसिंग रिंग'ला 'हरवलेलं वलय' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून 'लुप्त वलय' केलं. मला दोन्ही खटकतात. 'फॉल्स रिंग'पुढे, म्हणजे एकाच वर्षात उमटलेल्या जादा वलयापुढे, तर 'खोटं', 'मिथ्या', 'आभासी' अशी रांगच लागली आहे. या विषयातली मंडळी काय लिहितात?

सागकाष्ठ:
बोलताना मिसिंग रिंग आणि फॉल्स रिंगच म्हणतात. लिहायचं तर 'हरवलेलं' नको आणि 'लुप्त'ही नको, कारण दोन्हींत ते आधी होतं असं गृहीत धरलंय. फार कोरड्या वर्षी सालीखालचा वाढीचा थर, म्हणजे कॅम्बियम, बुंध्याच्या एखाद्या बाजूला लाकूड तयारच करत नाही. त्याच झाडात, त्याच वर्षी, वरच्या खोडात मात्र वलय असू शकतं. म्हणून 'स्थानिक अनुपस्थित वलय'. मोजमापाच्या फाइलीत त्या वर्षापुढे शून्य भरतात, वर्ष गाळत नाहीत. सालीकडून आत मोजताना एक अनुपस्थित वलय लक्षात आलं नाही, तर त्याच्या आतलं प्रत्येक वलय एक वर्ष अलीकडचं ठरतं. फॉल्स रिंग खरी धरली तर उलट, आतलं सगळं एक वर्ष जुनं होतं.

काना_मात्रा:
'स्थानिक अनुपस्थित' म्हणजे हजेरीपटाची भाषा. झाड फळ धरतं, मोहोर धरतं, मग 'न धरलेलं वलय' का नको?

सागकाष्ठ:
वाक्यात छान बसेल, तक्त्याच्या मथळ्यात नाही.

निरुक्तवेडा:
मुळात 'वलय' तरी कशाला? 'वळे' हा त्याचाच मराठी अवतार. वल् म्हणजे वळणे, त्यातून वलय आणि वलयातून वळे. 'झाडाची वळी' म्हणा की सरळ.

काना_मात्रा:
'वळी' म्हटलं की वाचक वळकटीकडे जाईल. तत्सम शब्द रुळला असेल तर उगाच का उखडायचा?

ओलकोरड:
'फॉल्स'साठी 'आभासी' तर मुळीच नको. आता त्याचा अर्थ पडद्यावरचं, संगणकातलं असा झालाय. शिवाय हे लाकूड खरंच असतं, फक्त ते वर्षाची सीमा दाखवत नाही. हंगामाच्या मध्येच ओल तुटली की पेशी बारीक होतात आणि पाऊस परतला की पुन्हा मोठ्या. सूचिपर्णी झाडांत ओळखायची खूण अशी: खऱ्या सीमेवर बारीक, जाड भिंतीच्या पेशींनंतर एकदम मोठ्या पेशी सुरू होतात, कडा धारदार दिसते. फॉल्स रिंगमध्ये बदल दोन्ही बाजूंनी हळूहळू होतो. सागात फसगत जास्त, कारण किडीने पानं खाल्ली तरी असा पट्टा उमटू शकतो. पूर्ण चकती हातात असेल तर तो पट्टा परिघावर कुठे विरतो ते पाहता येतं. खोडात भोक पाडून काढलेल्या पाच मिलिमीटर जाडीच्या नमुन्यात ती सोय नाही, म्हणून एका झाडाचे निदान दोन नमुने आणि एका जागेची वीसेक झाडं. मी 'मधलं वलय' लिहीन.

अनुवादिनी:
पण 'मधलं' म्हटलं की गाभ्याजवळचं वाटतं ना?

निरुक्तवेडा:
पुस्तिकेचं नाव काय आहे?

अनुवादिनी:
'वलयांत कोरलेला दुष्काळ'.

ओलकोरड:
इथेच घोळ आहे. दुष्काळ म्हणजे दुस् अधिक काळ. त्यात धान्य, भाव, स्थलांतर सगळं येतं. झाडाला धान्याचे भाव कळत नाहीत. मान्सून आशियाचा जो अवर्षण-नकाशासंग्रह 2010 मध्ये आला, त्यात तीनशेहून अधिक वलयमालिकांवरून जून ते ऑगस्टचा पामर निर्देशांक, म्हणजे कोरडेपणा मोजणारा आकडा, काढलाय. 1876 ते 78 चा कोरडेपणा त्यात ठळक दिसतो, पण लोक किती आणि का मेले ते त्यात नाही. 'अवर्षण' लिहा.

काना_मात्रा:
तोंडात 'दुष्काळ पडला' असतं, 'अवर्षण झालं' फक्त सरकारी कागदावर.

सागकाष्ठ:
'अवर्षण'ही पुरतं बरोबर नाही. पामर निर्देशांक जमिनीतल्या ओलीचा जमाखर्च मांडतो, त्यात तापमानही धरलेलं असतं. पश्चिम हिमालयातल्या देवदाराचं अरुंद वलय बहुधा कोरड्या, तापलेल्या वसंताबद्दल बोलतं, मान्सूनबद्दल नाही. थंडीनेच वाढ अडते अशा उंचीवर तर अरुंद वलय म्हणजे गार उन्हाळा. त्यात झाड जसं जाड होतं तशी वलयं आपोआप अरुंद होत जातात, तो वयाचा कल आधी काढावा लागतो. तेव्हा 'ओलीची तूट'.

निरुक्तवेडा:
'वलयांत कोरलेली ओलीची तूट'! खपली पुस्तिका.

ओलकोरड:
नाव आकर्षक हवं म्हणून अर्थ सोडायचा का?

काना_मात्रा:
बरं, 'क्रॉसडेटिंग'ला काय? 'ताळा' कसा वाटतो? गणिताचा ताळा पाहतात तसं एका झाडाच्या अरुंद-रुंद वलयांचा क्रम दुसऱ्याशी जुळवून पाहायचा. अनुपस्थित वलय सापडतं तेही तिथेच.

सागकाष्ठ:
ताळा उत्तर आल्यावर पाहतात. इथे त्याशिवाय वलयाचं वर्षच ठरत नाही. 1929 मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ डग्लस यांनी अ‍ॅरिझोनातल्या शो लो गावच्या जळक्या तुळईवरून दोन तुटक वलयमालिका सांधल्या, तो नुसता ताळा नव्हता. 'कालजुळणी' म्हणा.

अनुवादिनी:
नमुना काढायचं हत्यार आणि निघालेला तो तुकडा, यांना काय लिहू? 'वृद्धिवेधक' आणि 'गाभा' लिहिलंय.

सागकाष्ठ:
'गाभा' नको, खोडाच्या मध्याला तेच म्हणतात. तुकड्याला 'कांडी'. हत्याराला सुताराचा शब्द तयार आहे: गिरमिट. पोकळ असतं म्हणून 'पोकळ गिरमिट'. आणि कांडी लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवताना लाकडाचे धागे उभे ठेवायचे ही सूचना अनुवादात सुटू देऊ नका. आडवे राहिले तर पॉलिश पेपर 120 पासून 600 पर्यंत घासला तरी सीमा नीट दिसत नाहीत.

निरुक्तवेडा:
'गिरमिट' मराठी कुठलं? बाहेरून आलेलं.

काना_मात्रा:
आणि 'वृद्धिवेधक' कुठल्या सुताराच्या पेटीत असतो?