कच्च्या डिझाइनच्या फाइलीत सगळ्यांचे कर्सर असायलाच हवेत का?

रेघोटी: मी पुण्यातून काम करते, दोघे बंगळुरूत, एक बर्लिनला. सगळे फिग्मावर, म्हणजे एकच फाइल अनेकांना एकाच वेळी बदलता येते अशा ऑनलाइन डिझाइन-साधनावर. माझं म्हणणं असं, की कच्चं काम चालू असताना फाइलीत दुसऱ्या कुणाचा हात नको. परवा अर्जाचा पडदा जुळवत होते. बटण डावीकडे नेलं, बरं दिसतंय का बघतच होते, तेवढ्यात तीन रंगीत कर्सर आले आणि कुणीतरी ते परत उजवीकडे सरकवलं. मनातली सगळी जुळणी मोडली. आता मी कच्चं काम वेगळ्या फाइलीत करते.

सरळरेघ: अजिबात पटलं नाही. फिग्माआधीच्या स्केच या डिझाइन-प्रोग्रामचे दिवस विसरलात का? मॅक नसेल तर फाइल उघडायचीच नाही, आणि 'फायनल-२', 'फायनल-नक्की' मेलवर फिरत राहायच्या. दोघांनी एकच पडदा केल्याचं शेवटच्या दिवशी कळायचं. लपवलेलं काम म्हणजे पुन्हा तेच.

रुकार: सरळरेघ यांच्याशी सहमत. आमच्याकडे इंग्रजीच्या मापाने ओळींची उंची बांधली होती. 'नोंदणी पूर्ण' मधल्या 'पूर्ण'चा रफार वरून कापला जात होता, ऊकार खालून. परदेशातल्या सहकाऱ्याला देवनागरी येत नाही, त्याला ते खटकणार कसं? मी नाशिकहून फाइल उघडली, त्याच्यासमोरच उंची वाढवली. पाच मिनिटांत काम झालं. लिहून कळवायचं तर रफार म्हणजे काय इथपासून सुरुवात!

रेघोटी: रुकार, उदाहरण चोख आहे, पण तो पडदा पक्का झालेला होता. कच्च्याचं काय? दोघांनी एकाच बटणाची जागा बदलली, तर फिग्मात सर्व्हरवर शेवटी पोचलेला बदल टिकतो. म्हणजे ज्याने माउस शेवटी सोडला त्याचं खरं. याला निर्णय कसं म्हणू?

जुनापाटा: ९ डिसेंबर १९६८ ला माउसचा शोध लावणाऱ्या डग्लस एंगलबार्टने सॅन फ्रान्सिस्कोत बसून, दूर मेन्लो पार्क गावात असलेल्या सहकाऱ्याबरोबर एकच पडदा वापरून दाखवला होता. दोघे बोलत होते, दोघांचे कर्सर दिसत होते, पण सहकाऱ्याला फक्त बोट दाखवता येत होतं, बदल एंगलबार्टच्या हातात. रेघोटी, फाइल वेगळी करण्याऐवजी कच्चं असेपर्यंत इतरांना नुसती बघण्याची आणि शेरे लिहिण्याची मुभा द्या.

सरळरेघ: आणि फाइलीची मालकीण काम आटोपून गेलेली असेल तेव्हा? बर्लिन उन्हाळ्यातही साडेतीन तास मागे. त्यांच्या दुपारी चूक सापडली, हात बांधलेले, तर दुसऱ्या सकाळपर्यंत काम अडणार.

रेघोटी: अडू दे एक रात्र. जुनापाटा, सोमवारपासून बघण्याची मुभा ठेवून पाहते.