अंतुले आणि सिमेंट प्रकरण: मतदारांचा कौल निर्दोषत्वाचा दाखला मानावा का?

सावित्रीकाठ

गेल्या महिन्यात महाडच्या घराची आवराआवर करताना वडिलांच्या ट्रंकेत सिमेंटचे एक जुने परमिट सापडले. साल १९८१, गोण्या पंधरा. कागद घडीवर फाटला आहे, पण मागच्या बाजूला वडिलांनी पेन्सिलीने मांडलेला हिशेब अजून वाचता येतो: कचेरीत किती खेपा घातल्या, एसटीला किती गेले आणि अखेर हातात किती गोण्या पडल्या. पंधरांपैकी नऊच मिळाल्या होत्या. घराचा अर्धा स्लॅब त्या वर्षी पडला आणि उरलेल्या अर्ध्या भागावर आम्ही दोन पावसाळे पत्रे टाकून काढले.

तो कागद हातात असताना बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचा विषय घरात निघाला, आणि माझ्याच चुलतभावाने सांगितले की, "एवढे आरोप झाले, तरी लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले, यातच सगळे आले." हे विधान मला मान्य नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंतुले ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाले. त्या वेळी सिमेंटचा भाव आणि वाटप दोन्ही सरकारी नियंत्रणाखाली होते. परमिटचा भाव एक आणि काळ्या बाजाराचा दुसरा, त्यामुळे ज्याच्या हाती कोटा त्याच्या हाती पैसा, अशी स्थिती होती. त्याच वर्षी त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा न्यास स्थापन केला. ऑगस्ट १९८१च्या अखेरीस अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये या न्यासाकडे बांधकाम व्यावसायिकांकडून आणि साखर कारखान्यांकडून आलेल्या देणग्यांचे प्रकरण उघड केले. प. बा. सामंत आणि इतरांच्या रिट याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला. देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अंतुले यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात बाबासाहेब भोसले त्यांच्या जागी आले.

पुढे १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ असे चार वेळा ते लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात दोनदा मंत्री झाले. माझे म्हणणे एवढेच आहे की मतदार मत देताना अनेक गोष्टी तोलतो. रस्ता, पाणी, जात, धर्म, पक्ष, समोरचा उमेदवार, आणि माणसाविषयीची माया. त्यात पुरावा तपासण्याचे काम येत नाही आणि ते मतदाराने करावे अशी अपेक्षाही नाही. म्हणून निवडणुकीतील विजयाने सिद्ध झालेला गैरव्यवहार पुसला जात नाही. माझ्या वडिलांच्या सहा गोण्या कुठे गेल्या हे मला ठाऊक नाही, आणि त्या अंतुले यांच्यामुळे गेल्या असेही मी म्हणत नाही. परंतु ज्या राज्यात सामान्य माणूस नऊ गोण्यांसाठी एवढ्या खेपा घालत होता, तिथे देणगी देणाऱ्याला कोट्याबाहेरचे सिमेंट मिळत असेल, तर तो अन्याय नेमका कोणावर होतो, हे या कागदावरून मला दिसते.

आंबेतचा_शेजारी

आपल्या वडिलांना झालेल्या त्रासाविषयी मला सहानुभूती आहे, कारण आमच्या घरानेही तेच भोगले. पण आपण 'सिद्ध झालेला गैरव्यवहार' हे शब्द वापरले आहेत आणि माझा आक्षेप तिथेच आहे. लेंटिन साहेबांपुढे होती ती रिट याचिका. तिचा निर्णय मुख्यतः शपथपत्रे आणि सरकारी कागदपत्रे यांवर होतो. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करून त्याची उलटतपासणी घेणे, संशयाचा फायदा आरोपीला देणे, या फौजदारी खटल्यातील गोष्टी तिथे नसतात. अंतुले यांना फौजदारी न्यायालयाने कधीही दोषी ठरवले नाही. असे असताना चाळीस वर्षांनंतरही त्यांचे नाव निघाले की सिमेंट हा शब्द जोडूनच येतो, हे न्याय्य आहे का?

त्यांच्या जेमतेम दीड वर्षाच्या कारकिर्दीत काय काय झाले, याचीही नोंद व्हायला हवी. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांचीच. छोट्या शेतकऱ्यांची कर्जमाफी त्यांनी केली. कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नामकरण झाले. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना हे जिल्हे १ मे १९८१ रोजी निर्माण झाले. औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठही त्याच वर्षी सुरू झाले. दक्षिण रत्नागिरीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी अख्खा दिवस प्रवासात घालवावा लागत होता, तो त्यांनी वाचवला. लोकांनी त्यांना मते दिली ती भोळेपणाने नव्हे. फाईल अडवून न ठेवता तिथल्या तिथे निर्णय देणारा माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. कोकणाला असा मुख्यमंत्री क्वचितच मिळाला.

निवृत्त_वकील

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण खटल्याचे प्रत्यक्षात काय झाले हे समोर ठेवल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही. मी त्या काळात नव्याने सनद घेतलेला वकील होतो आणि आमच्या पिढीने फौजदारी कायद्याचे कित्येक धडे या एका प्रकरणातून घेतले.

भाजपचे रामदास नायक यांनी सप्टेंबर १९८१ मध्येच फौजदारी तक्रार केली, पण मुख्यमंत्र्यावर खटला चालवण्यास राज्यपालांची मंजुरी नसल्याने ती पुढे सरकली नाही. अशी मंजुरी राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने द्यावी की स्वतःच्या विवेकाने, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुख्यमंत्र्याच्याच बाबतीत मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक मानता येणार नाही, ही भूमिका कायम राहिली आणि जुलै १९८२ मध्ये मंजुरी मिळाली. ऑगस्टमध्ये नवी तक्रार दाखल झाली. त्यावर अंतुले यांच्या बाजूने मुद्दा आला की ते अजून आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक आहे, म्हणून आणखी एक मंजुरी हवी. विशेष न्यायाधीशांनी तो मान्य करून जुलै १९८३ मध्ये त्यांना मुक्त केले. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो आदेश फिरवला, आमदार हा भारतीय दंडसंहितेच्या कलम २१ खाली लोकसेवक नाही असे ठरवले, आणि त्याच वेळी कोणीही मागणी केलेली नसताना खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे सोपवला, तोही दररोज चालवण्यासाठी.

हेतू चांगला होता: मोठ्या माणसाचा खटला रेंगाळू नये. पण १९५२च्या फौजदारी कायदा सुधारणा कायद्याप्रमाणे भ्रष्टाचाराचे असे खटले फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकत होता. तिथून उच्च न्यायालयाकडे अपील करण्याचा जो हक्क प्रत्येक आरोपीला असतो, तो या एकाच आरोपीचा गेला. उच्च न्यायालयात पन्नासहून अधिक साक्षीदार तपासले गेले, मसुद्यातील ४३ आरोपांपैकी २१ निश्चित झाले, उरलेल्या आरोपांसाठी नायक पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय झाला. आणि मग २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने १९८४चा तो आदेशच चुकीचा ठरवला. न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी यांच्या निकालाचा गाभा असा की न्यायालयाच्या स्वतःच्या कृतीने कोणाचेही नुकसान होता कामा नये, आणि झाले असेल तर ते दुरुस्त करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. न्यायमूर्ती व्यंकटचलय्या यांनी असहमती नोंदवली. एकदा अंतिम झालेला निर्णय असा पुन्हा उघडता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खटला पुन्हा विशेष न्यायाधीशांकडे, म्हणजे जवळपास आरंभाशी आला. १० डिसेंबर १९९१ रोजी जलद सुनावणीच्या हक्काबद्दलचा प्रसिद्ध निकाल लागला, तोही याच खटल्यात. त्या पीठाने हा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये आहे हे सांगितले, परंतु फौजदारी खटल्यांना सरसकट कालमर्यादा घालायला नकार दिला. तक्रार होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती.

यातला बराच काळ दोन्ही बाजूंनी उपस्थित केलेल्या कायदेशीर प्रश्नांत गेला, आणि काही काळ न्यायालयाच्या स्वतःच्या चुकीत. म्हणून 'सिद्ध झाले' हेही म्हणता येत नाही आणि 'लोकांनी निर्दोष ठरवले' हेही नाही.

परमिट_पाहिलेला

वकीलसाहेबांविषयी आदर राखून लिहितो, की कायद्याच्या या वळणांत मूळ गोष्ट दिसेनाशी होते. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीने सरकारी कागद तपासून काढलेला निष्कर्ष कमी मोलाचा कसा ठरतो? हेच लेंटिन पुढे जे. जे. रुग्णालयातील औषधाने झालेल्या मृत्यूंच्या चौकशीला बसले, तेव्हा त्यांच्या निर्भीडपणाचे कौतुक सगळ्यांनी केले. एका प्रकरणात त्यांचा शब्द प्रमाण आणि दुसऱ्यात अपुरा, असे होत नाही. शिवाय पैसा स्वतःच्या खिशात गेला नाही, न्यासात गेला, हा बचाव मी पुष्कळ ऐकला आहे. ज्याला सिमेंट हवे आहे त्याने आधी देणगी द्यावी, अशी अट घातली गेली असेल, तर पैसा शेवटी कोणत्या खात्यात पडला याने देणाऱ्यावरची सक्ती कमी होत नाही.

जालन्याची_लेक

मी कायद्याची जाणकार नाही. माझी आजी तिशीत विधवा झाली आणि शेत दिराच्या नावावर गेले. निराधार योजनेची मनिऑर्डर घेऊन पोस्टमन आला की ती अंगठा उठवायच्या आधी हात धुऊन, पदर डोक्यावर घेऊन ओट्यावर बसायची. रक्कम लहान होती, पण घरात ती कोणाच्या हातातून आलेली नव्हती, आणि तिला तेच महत्त्वाचे होते. तिला अंतुले हे नाव नीट उच्चारताही येत नसे. सिमेंटविषयी कोणी तिला सांगितले असते तरी तिने मत बदलले नसते, आणि मी तिला चुकीचे म्हणणार नाही. मतदार पुरावा तपासत नाही हे सावित्रीकाठ यांचे म्हणणे मला पटते. पण मतदाराजवळही एक पुरावा असतो, तो दुसऱ्या गोष्टीचा असतो, एवढे त्यात जोडावेसे वाटते.

आंबेतचा_शेजारी

ताई, आपण माझ्या मनातले लिहिलेत. आणखी एक गोष्ट बोलायची राहिली होती, ती बोलतो. अंतुले हे महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. कुलाब्याचे रायगड करणारा आणि लंडनहून भवानी तलवार परत आणू म्हणणारा हा माणूस काही जणांना अखेरपर्यंत परका वाटला. त्यांच्यावरच्या रागात तो भाग नव्हता असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का?

परमिट_पाहिलेला

काहींच्या रागात तो नक्की होता आणि तो निंद्य होता, हे मी मान्य करतो. परंतु सामंतांची याचिका धर्माविषयी नव्हती, शौरींची कागदपत्रे धर्माविषयी नव्हती आणि लेंटिन यांचा निकालही धर्माविषयी नव्हता. टीका करणाऱ्यांपैकी काहींचा हेतू वाईट होता म्हणून सगळी टीका बाद करायची, असे केले तर यापुढे कोणत्याही समाजातील कोणत्याही नेत्याला प्रश्न विचारता येणार नाही.

निवृत्त_वकील

एक पुरवणी. २८ फेब्रुवारी १९८२ रोजी, राजीनाम्यानंतर दीड महिन्यात, केंद्राने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठवले. भ्रष्टाचाराला जागा देणारा कोटाच सैल झाला आणि माझ्या मते याचा परिणाम कोणत्याही खटल्यापेक्षा मोठा होता. आमदार लोकसेवक नाही हा १९८४चा निष्कर्षही टिकला नाही, कारण १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लोकसेवकाची व्याख्या विस्तारली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची चूक दुरुस्त करण्याचा जो मार्ग १९८८ मध्ये दाखवला, त्याचा आधार २००२ मध्ये उपचारात्मक याचिकेची, म्हणजे अंतिम निकालातही राहिलेली चूक दुरुस्त करण्यासाठीच्या शेवटच्या याचिकेची, वाट मोकळी करताना घेतला गेला. आज फाशीची शिक्षा झालेला गरीब कैदीही ती याचिका दाखल करू शकतो.

सावित्रीकाठ

सगळ्यांचे आभार. आंबेतचा शेजारी यांनी ज्या शब्दांवर बोट ठेवले, ते मी दुरुस्त करतो. 'सिद्ध झालेला गैरव्यवहार' याऐवजी माझे वाक्य असे वाचावे: 'मुंबई उच्च न्यायालयाने रिट याचिकेत नोंदवलेला, परंतु फौजदारी खटल्यात दोषसिद्धीपर्यंत न पोचलेला गैरव्यवहार.' वाक्य लांबले, पण चाळीस वर्षे आपण ते आखूड करून बोलत आलो, कोणी एका टोकाने, कोणी दुसऱ्या. जालन्याच्या ताईंच्या आजीचा अंगठा आणि माझ्या वडिलांचा पेन्सिलीचा हिशेब एकाच सरकारच्या काळातले आहेत. मला दोन्ही खरे वाटतात आणि एकाने दुसरे खोडले जाते असे वाटत नाही. माझ्या मूळ म्हणण्यावर मी ठाम आहे. चुलतभावाला हा धागा पाठवला आहे. परमिट त्याला हवे आहे, पण ते मी माझ्याकडेच ठेवणार आहे.