मदत हवी आहे: अमेरिकेची १४वी घटनादुरुस्ती, कलम ३. कौंटी कमिशनर गेला, ट्रम्प राहिले, ते कसे?

नमस्कार मंडळी,

एलएलबीच्या सादरीकरणासाठी हा विषय घेतला आणि गाडं एका जागी अडलंय. जाणकारांनी हात द्यावा.

यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये ही दुरुस्ती आली. राज्यघटनेची शपथ घेऊन नंतर बंडात उतरलेल्याला पुन्हा पद नाही, असं कलम ३ सांगतं. बंदी उठवायची तर काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. तशी ती १८७२ मध्ये बहुतेकांवरची उठलीही. बंडखोर राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स पुढच्याच वर्षी प्रतिनिधीगृहात हजर!

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ दोषी ठरल्याशिवाय लागत नाही. इथे दोषसिद्धीचा उल्लेखच नाही. मग बंड झालं हे ठरवायचं कुणी?

२०२२ मध्ये न्यू मेक्सिकोच्या न्यायालयाने ६ जानेवारी २०२१ च्या प्रकरणावरून (ट्रम्प समर्थकांचा संसद भवनावरचा हल्ला) ओटेरो कौंटीचा (जिल्ह्यासारखा विभाग) कमिशनर कौय ग्रिफिन याला पदावरून काढलं. त्याला शिक्षा झाली होती ती फक्त प्रतिबंधित आवारात शिरल्याची. डिसेंबर २०२३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ट्रम्पना त्याच प्रकरणावरून राष्ट्राध्यक्षपदासाठी अपात्र ठरवलं, पण ४ मार्च २०२४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते ९-० ने फिरवलं. कलम तेच, प्रकरण तेच. मग हा फरक कसला?

प्रतिसाद: फरक पदाचा. कौंटी कमिशनर हे राज्यातलं पद, तिथे राज्य कलम ३ लावू शकतं, असं त्याच निकालात आहे. राष्ट्राध्यक्षपद संघराज्याचं, तिथे राज्याचा हात पोचत नाही. ९-० वर मात्र जाऊ नका. अंमलबजावणीसाठी काँग्रेसचाच कायदा हवा, हे पाचच न्यायाधीशांचं म्हणणं. सोटोमायोर, केगन, जॅक्सन यांनी त्यावर टीका केली, बॅरेटना त्यात शिरायची गरज वाटली नाही. ट्रम्पनी बंड केलं की नाही, हे कोर्टाने ठरवलंच नाही. १८६९ चा ग्रिफिन खटलाही बघा, तिथेही काँग्रेसचा कायदा हवा असंच म्हटलं होतं. तो ग्रिफिन वेगळा, नाहीतर सादरीकरणात घोटाळा व्हायचा.

धागाकर्ता: आभार! मग काँग्रेसचा असा कायदा आज आहे का?

प्रतिसाद: बंडाचा फौजदारी गुन्हा आहे, त्यात दोषी ठरलेल्याला संघराज्याचं पद मिळत नाही. ट्रम्पवर त्या गुन्ह्याचं आरोपपत्र कधी दाखलच झालं नाही.