बोटीवर रात्रीच्या जेवणाला धोतर चालेल का?

ठाकुर्लीकरीण

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडला निघालोय. लग्नाला ४० वर्षं होतात म्हणून त्याने साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशी सात रात्रींची क्वीन मेरी २ ची तिकिटं काढली. दोन दिवस मला आनंदाने झोप नव्हती. मग त्याने कपड्यांचे नियम पाठवले.

संध्याकाळी सहानंतर रोज नीटनेटका पोशाख, आणि दोन रात्री 'गाला'. गाला म्हणजे पुरुषांना टक्सिडो नाहीतर गडद सूट आणि टाय. मुलगा म्हणतो, बाबांना इथे भाड्याने सूट घेऊ. ह्यांनी ३४ वर्षं नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवलं, पांढरा शर्ट आणि करडी पँट. टाय कधी लावला नाही, लग्नातसुद्धा नाही. सणावाराला धोतर नेसतात, पण ते असं नेसतात की गणपतीत शेजारची मुलं शिकायला येतात. नियम वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "तू जात जा जेवायला, मी खोलीत दूधपोहे खाईन." रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी शांतपणे म्हणाले, तेच मला लागलं.

कुणी गेलंय का अशा बोटीने? धोतर नेसून जेवायला गेलं तर दारात अडवतील का? अडवणार असतील तर मला आत्ताच कळू दे, तिथे चार लोकांत नको. दुसरं म्हणजे, दिवसातून कपडे बदलायचे तरी किती वेळा? विमानात बॅगेला २३ किलो. माझ्याकडे आईची येवल्याची पैठणी आहे, ती न्यावी असं फार मनात आहे, पण समुद्रावरच्या दमट हवेची भीती वाटते.

जर्सीकर

काकू, अभिनंदन. सगळ्या बोटी अशा नसतात, हे आधी सांगतो. नॉर्वेजियन नावाच्या बोटकंपनीने २००० सालीच 'फ्रीस्टाइल' म्हणून फॉर्मल रात्रींची सक्ती काढून टाकली. सेलिब्रिटी कंपनीने २०१५ च्या शेवटी फॉर्मल नाईट बंद करून थोडं सैल काहीतरी आणलं. आम्ही मुलांना घेऊन बहामाजला गेलो तेव्हा मी सगळ्या रात्री कॉलरच्या टी-शर्टात काढल्या, कुणी बघितलंही नाही. तुमच्या क्वीन मेरीची कंपनी क्यूनार्ड मात्र जुनी चाल धरून आहे, आणि त्यांच्याकडे जाणारे बरेच लोक त्याचसाठी जातात.

तरी सक्ती सगळ्या बोटभर नसते. गालाच्या रात्रीही किंग्ज कोर्टचा बुफे आणि गोल्डन लायन पब साध्या कपड्यांत चालतो. काकांना अवघड वाटत असेल तर त्या दोन रात्री तिथे जेवा. जेवण चांगलं असतं, ताण नाही.

वेंगुर्ल्याचा दर्यावर्दी

ताई, मी १९९८ पासून १८ वर्षं जहाजांवर डायनिंगला होतो. असिस्टंट वेटर म्हणून चढलो, हेड वेटर होऊन उतरलो. तुमच्या कंपनीत नव्हतो, पण फॉर्मल रात्री शेकड्याने केल्या. जर्सीकरांचा सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण मला तो पटत नाही. सरांना बुफेला पाठवू नका. धोतर नेसून मेन डायनिंगलाच घेऊन जा.

गालाच्या नियमात टक्सिडो आणि सूटच्या जोडीला राष्ट्रीय पोशाखही येतो. मुलाने तुम्हाला तेवढी ओळ पाठवायची राहिली असेल. स्कॉटलंडची माणसं किल्ट घालून येतात, गुडघे उघडे, आणि त्यांना कुणी पँट घालून या म्हणत नाही. टक्सिडोच्या कमरेला जो रुंद पट्टा बांधतात त्याला ते कमरबंडच म्हणतात. शब्द आपला, कमरबंद. हिंदुस्थानातल्या उकाड्यात वेस्टकोट नको म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी तो उचलला. तेव्हा सरांनी कुणाच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटून घेऊ नये.

आता जे सांगतोय ते मी फार कमी जणांना सांगितलंय. माझं दुसरंच कॉन्ट्रॅक्ट होतं, भूमध्य समुद्रात होतो. दुसऱ्या सीटिंगला, म्हणजे जेवणाच्या दुसऱ्या पाळीला, एक तमिळ कुटुंब आलं. आजोबा वेष्टीत, म्हणजे त्यांच्याकडच्या धोतरात, वर पांढरा शर्ट, खांद्यावर जरीचं वस्त्र. दारावरची मुलगी नवीन होती. तिला ते पोहण्याच्या तलावावर गुंडाळतात तसलं कापड वाटलं. तिने अगदी हसून, गोड बोलून त्यांना परत पाठवलं. आजोबांनी वाद घातला नाही. मान हलवली आणि वळले, मागून सगळं कुटुंब वळलं. मी सहा पावलांवर ग्लासांत पाणी भरत होतो. मला कळत होतं ते काय नेसलेत, माझे आजोबा तसेच दिसायचे. तरी मी तोंड उघडलं नाही, कारण असिस्टंट वेटरने दारावर बोलायचं नसतं. रात्री हेड वेटरला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्याच क्षणी का नाही सांगितलंस? मी धावत गेलो असतो." दुसऱ्या दिवशी तो स्वतः त्यांच्या केबिनला जाऊन माफी मागून आला. पण ते परत डायनिंगला आले नाहीत. उरलेले दिवस मी त्यांचं टेबल मांडत होतो आणि रात्री तसंच उचलत होतो.

म्हणून नीट ऐका. दारावरचं पोर कुठल्या देशाचं असेल ते सांगता येत नाही. धोतर त्याने कधी पाहिलेलं नसतं. त्याला कळतो तो पूर्ण वेष. नुसतं धोतर आणि शर्ट असेल तर तो गोंधळेल. काठाचं धोतर, वर बंद गळ्याचा लांब कोट, खांद्यावर उपरणं, पायात काळे बूट असं सगळं एकत्र दिसलं की त्याला सांगावं लागत नाही. आपले राजदूत बंदगळा घालूनच परदेशातल्या समारंभांना जातात. धोतर घोट्याच्या वर राहू दे, अटलांटिकवर जहाज हलतं आणि जिने असतात. आणि पहिल्या दिवशी दुपारीच डायनिंगच्या मेत्र-डीला, म्हणजे तिथल्या मुख्य व्यवस्थापकाला, भेटा. मोबाईलवर सरांचा धोतरातला फोटो दाखवा, गालाला असे येणार म्हणून सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. तो दारावर निरोप ठेवतो. हे मी पुढे हेड वेटर झाल्यावर प्रत्येक भारतीय कुटुंबाला स्वतः जाऊन सांगायचो.

कपडे दिवसातून एकदाच बदलायचे, संध्याकाळी सहाच्या आत. दिवसा काहीही घाला, सलवार-कमीज, साधी साडी, डेकवर स्वेटर आणि पायात पकड असलेले बूट. पहिल्या आणि शेवटच्या रात्री फॉर्मल नसते. हा जुन्या बोटींपासूनचा रिवाज आहे आणि कारण सामानाचं आहे. पहिल्या दिवशी बॅगा केबिनला उशिरा पोचतात, शेवटच्या रात्री त्या झोपण्याआधी दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्री सकाळचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. बॅगेत सगळं भरून टाकून सकाळी नाईटगाऊनवर अडकलेल्या बायका मी पाहिल्यात.

पैठणी जरूर न्या. जहाज आतून पूर्ण एसी असतं, दमट हवा कपाटात शिरत नाही. मलमलीत गुंडाळा आणि नेसायच्या दिवशी सकाळीच हँगरला लावा. प्रवासी इस्त्री बॅगेत टाकू नका. आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री चालत नाही, तपासणीत काढून घेतात. क्वीन मेरीवर प्रवाशांसाठी फुकट धुलाईखोली आहे, तिथे इस्त्रीची फळी असते. साध्या साड्या तिथे करा, पैठणीला ती इस्त्री लावू नका. गालाला दोन साड्या पुरेत, बाकी रात्रींना इरकल, माहेश्वरी काहीही शोभेल. क्वीन्स रूम नावाचं नाचाचं मोठं दालन आहे. नऊवारी नेसत असाल तर तीही घ्या, हलत्या जमिनीवर पाचवारीपेक्षा काष्टाच बरा, निऱ्या पायात येत नाहीत. एसी थंड असतो, शाल हवीच.

चक्रधर

दर्यावर्दींची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण मूळ प्रश्न मला तोच दिसतो. माणूस सुटीला जातो, लाखो रुपये मोजतो, आणि तरी त्याने जेवायला काय घालायचं हे दुसरा ठरवतो. कपड्यांवरून माणूस दारात थांबवायची पद्धतच मोडली पाहिजे. तमिळनाडूत २०१४ मध्ये एका न्यायाधीशांना वेष्टीमुळे क्लबात प्रवेश नाकारला, तेव्हा सरकारने त्याविरुद्ध कायदा केला. आपण नियमांत बसायची धडपड का करायची?

वेंगुर्ल्याचा दर्यावर्दी

चक्रधर, तो कायदा झाला तेव्हा मी जहाजावर होतो आणि आम्ही चारपाच भारतीय पोरांनी मेसमध्ये चहा घेऊन तो साजरा केला. आपल्या वेषाला कमी लेखणारा नियम मोडायलाच हवा. पण नटून जेवायला या म्हणणारा नियम मला वेगळा वाटतो.

माझ्या टेबलावर दरवर्षी एक इंग्रज जोडपं यायचं. तो निवृत्त बस ड्रायव्हर. त्याचा डिनर जॅकेट फक्त जहाजावर निघायचा, कोपरं झिजून चकाकायला लागली होती. बायकोचा निळा झगा तोच, दरवर्षी. फॉर्मल रात्री दोघं जिन्यावरून खाली यायची तेव्हा तो तिचा हात असा धरायचा की आम्ही ट्रे घेऊन बाजूला उभे राहायचो. इतर रात्री लोक खाऊन उठतात. त्या रात्री बसून राहतात, शेजारच्या टेबलाशी बोलतात. सहाचं आणि साडेआठचं अशी दोन सीटिंग असली की आम्हाला त्याचा त्रास व्हायचा, पहिली मंडळी उठतच नसत. तरी मला त्याच रात्री आवडायच्या. आम्हीही पांढरे जॅकेट कडक करून घालायचो.

सरांनी या रात्री चुकवाव्यात असं मला वाटत नाही. लग्नाची ४० वर्षं झाली आहेत.

ग्रंथपाल

ताई, सरांच्या दूधपोह्यांवरून एक आठवण. ४ सप्टेंबर १८८८ ला मोहनदास गांधी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. काट्याचमच्याने खाता येत नव्हतं, कशात मांस नाही ते विचारायची हिंमत नव्हती. म्हणून ते जेवणाच्या टेबलावर गेलेच नाहीत, सोबतची मिठाई आणि फळं खोलीत खाल्ली. बोटीवर काळा सूट घातला, आणि उतरताना शोभेल म्हणून मित्रांनी दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट खास राखून ठेवला होता. सप्टेंबर संपत आला होता, तसल्या कपड्यांत तिथे ते एकटेच. ती लाज त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे.

त्यानंतर २९ ऑगस्ट १९३१ ला ते गोलमेज परिषदेसाठी मुंबईहूनच 'राजपुताना' बोटीने निघाले, पंचा आणि शाल अशा वेषात. त्याच वेषात बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जच्या चहाला गेले. मध्ये ४३ वर्षं गेली होती. सरांनी शाळेत ३४ काढलीत, तेवढी पुरेत.

ठाकुर्लीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तमिळ आजोबांपाशी माझा आवाज गेला, पुढचं ह्यांनीच वाचलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. सकाळी बघते तर कपाटातून रेशीमकाठी धोतर काढून उन्हात घातलेलं. शनिवारी दादरला बंद गळ्याचा कोट शिवायला टाकतोय, रंग मोतिया ठरलाय. मुलाला कळवलं, सूट नको. तो म्हणाला, मग मलाही धोतर आणा, तर आता त्याच्या मापाचंही घ्यायचं आहे.

ह्यांचा एक प्रश्न आहे, दर्यावर्दींनाच विचार म्हणाले. टेबलावर बसल्यावर उपरणं मध्ये येतं का? ताटात किंवा वाढणाऱ्याच्या हाताला लागायला नको.

वेंगुर्ल्याचा दर्यावर्दी

नाही येत. डाव्या खांद्यावर घ्या, आतून कोटाला एक टाचणी लावा. पाणी उजवीकडून ओततात, त्या पोराला उजवी बाजू मोकळी मिळेल.